मुदतीवर सुटलेली

लिफ्टमध्ये माझ्या मागे उभ्या असलेल्या दोन तरुण वकिलांपैकी एकजण दुसऱ्याला म्हणाला, "ह्या त्याच ना, मुदतीवर सुटलेल्या?" हळूच म्हणाला तो. हळूच म्हणजे किती, तर सगळ्या लिफ्टला ऐकू जावं आणि तरी आपण हळू बोललो असं मनाला सांगता यावं, इतपत. दुसऱ्याने घशातल्या घशात हुंकार दिला. मी छातीशी फाइल धरून दाराच्या फटीकडे बघत राहिले. वळून बघायला हवं होतं. आयुष्यभर मी भल्याभल्या साक्षीदारांना नुसत्या बघण्याने घाम फोडलाय, आणि इथे माझी कानशिलं तापलेली असताना मी दाराच्या रबरी पट्टीतला मळ न्याहाळत होते. माझाच मजला आला. ते दोघेही तिथेच उतरायचे होते. "मॅडम, आधी तुम्ही," असं म्हणून त्यांनी मला अदबीने वाट करून दिली. अदब दाखवण्यात ही नवी मुलं कुठे कमी पडत नाहीत. मी "थँक्यू" म्हणाले. म्हणजे वर आणखी आभारही मानले.

मास्तरच्या ऑफिसात कुणीतरी पक्षकार बसला होता, म्हणून मला बाहेरच्या खोलीत थांबावं लागलं. तिथे एक रेक्झिनचा सोफा आहे, त्यावर बसलं की माणूस आत आत जातो आणि उठताना हात टेकावे लागतात. मास्तर म्हणजे माझा वर्गमित्र. कॉलेजात परीक्षा आली की सगळ्या वर्गाला गोळा करून शिकवायचा, तेव्हापासून त्याला मास्तर म्हणतात. आता डोक्यावरचे केस गेले, शिकवायची खोड तेवढी गेली नाही. लाँड्रीवाल्याने माझ्यावर निष्काळजीपणाचा दावा लावला तेव्हा माझ्या बाजूने मास्तरच उभा राहिला. वकिलालाही वकील लागतो, आणि तो शोधताना पहिल्यांदा कळतं की पक्षकार आपल्यासमोर बसताना असे का अवघडून बसतात. सोफ्यावर मी फाइल मांडीवर घेतली. आत माझ्या नव्या दाव्याचा मसुदा होता. सुट्टीत घरी बसून मी तो स्वतः लिहिला होता, पुन्हा पुन्हा खोडून, शब्द तासून. त्यात म्हणायचं होतं एवढंच, की लाँड्रीवाल्याने माझ्यावर खोटा दावा लावला, खोटा आहे हे माहीत असून लावला, आकसाने लावला, तो दावा माझ्या बाजूने संपला, सबब आता त्याने मला भरपाई द्यावी. भरपाईचा आकडा मी लिहिलाच नव्हता. मला त्याच्याकडून काही नकोच होतं. मला एक निकालपत्र हवं होतं, त्यात एक वाक्य हवं होतं, की या वकीलबाईने आपलं काम चोख केलं होतं. ते वाक्य आजवर कुणीही लिहिलेलं नाही. माझ्यावरचा दावा फेटाळल्याचं निकालपत्र माझ्याकडे आहे, पण त्यात ते वाक्य नाही. त्यात तारखा आहेत.

लाँड्रीवाले माझ्याकडे आले तेव्हा त्यांचं दुकान चांगलं नाक्यावर होतं. जागेच्या मालकाने त्यांच्यावर केस केली होती, की मागची खोली परस्पर दुसऱ्याला भाड्याने दिली, करार मोडला, सबब दुकान खाली करा. लाँड्रीवाले गोरेगोमटे, बोलायला मोकळे, शर्टाची घडी कधी मोडलेली नाही. "मॅडम, त्या खोलीत माझ्या बायकोशिवाय अन् बॉयलरशिवाय कुणी नाही," असं म्हणून ते स्वतःच हसले. मलाही हसू आलं होतं. ते आता आठवलं की स्वतःचाच राग येतो, इतक्या सहज मी त्यांच्या बाजूची झाले. त्यांची बायको आमची मुख्य साक्षीदार ठरली. दिवसभर दुकानात तीच असायची, मागच्या खोलीत इस्त्री तीच करायची. ती उभी राहून सांगेल की खोलीत दुसरं कुणी नव्हतं, की मालकाची केस तिथेच बसली. मी तसं त्यांना म्हणालेही होते. नंतर माझ्याविरुद्धच्या दाव्यात त्यांनी हेच माझं वाक्य जसंच्या तसं घातलं, आणि मला ते नाकारता येईना, कारण ते माझंच होतं.

साक्षीच्या आदल्या दिवशी दुपारी या बाई माझ्या ऑफिसात आल्या. हातात हँगरवर पॉलिथिनमधला कोट होता, कुणी विचारलं तर कपडे पोचवायला आले असं सांगता यावं म्हणून. कोट कुणाचा कोण जाणे. तो त्यांनी खुर्चीच्या पाठीला अडकवला, स्वतः खुर्चीच्या कडेवर टेकल्या. मनगटापासून कोपरापर्यंत हातावर वाफेच्या इस्त्रीचे चटके होते, काही जुने पांढुरके, काही ताजे. मी त्यांना उद्या काय काय विचारलं जाईल ते समजावायला लागले, तर त्या म्हणाल्या, "मॅडम, मला उभं करू नका." मला वाटलं घाबरल्या. साक्षीदार घाबरतातच, त्यावर माझं एक ठरलेलं भाषण आहे, ते मी सुरू केलं. त्यांनी ते ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मागच्या खोलीत एक घड्याळं दुरुस्त करणारा बसायचा. हे त्याच्याकडून भाडं घ्यायचे. केस झाल्यावर त्याला उठवलं. मला विचारलं तर मी तेच सांगेन. मला दुसरं काही जमायचं नाही, माझी जीभच वळत नाही." अन् निघताना, कोट उचलता उचलता म्हणाल्या, "मी आले होते हे यांना सांगू नका." मी बरं म्हणाले. दुसऱ्या दिवशी लाँड्रीवाल्यांना मी एवढंच सांगितलं, की बाईंच्या साक्षीची गरज नाही. ते म्हणाले, "तुम्ही म्हणाल तसं." त्यानंतर मी कोर्टात खोलीत कुणी नव्हतं असं चकार शब्दाने बोलले नाही. मालकाला त्याचं म्हणणं सिद्ध करता आलेलं नाही, एवढ्यावरच शेवटपर्यंत जोर दिला. याहून वेगळं कुठल्या शहाण्या वकिलाने केलं असतं, ते मला दाखवावं. मालकाने घड्याळवाल्यालाच धरून आणलं आणि आम्ही हरलो. दुकान गेलं.

आतल्या खोलीत मास्तर पक्षकाराला काहीतरी समजावत होता, दोन बोटांनी टेबलावर ठोकत, जसं तो कॉलेजात बाकावर ठोकायचा. बराच काळ गेल्यावर लाँड्रीवाल्यांचा दावा माझ्या दारात आला होता, तोही असाच एका दुपारी. पाकीट फोडलं आणि मी काय केलं, तर आधी शेवटचं पान उलटून दाखल केल्याची तारीख पाहिली. यात गैर काही नाही, आमच्या धंद्यात सगळे असंच वाचतात. माझ्या हाताखाली शिकायला आलेल्या प्रत्येक पोराला मी पहिल्या दिवशी हेच शिकवलंय, की कागद हातात आला की कुणी काय म्हटलंय ते नंतर वाच, आधी मागून उघड, तारीख बघ, सही बघ, हे कोर्ट बरोबर आहे का ते बघ. घर बांधून झाल्यावर पाया खोटा निघाला तर भिंतींवर डोकं कशाला फोडायचं. तर मी तारीख पाहिली, बोटांवर महिने मोजले, आणि मला आनंद झाला. अगदी खरं सांगते, उकळी फुटली. दावा लावायला कायद्याने दिलेली मुदत टळून गेली होती. काय आरोप केलाय ते वाचायच्या आधीच मी मास्तरला फोन लावला आणि म्हणाले, "अरे, मुदत गेलीय याची." तोही खूश झाला. "मग काय, पहिल्याच फटक्यात उडवू." त्यानंतर मी पुढची पानं वाचली. मुख्य साक्षीदाराला बोलावलं नाही. अशिलाला कारण सांगितलं नाही. वकिलीची अक्कल नाही, असं सभ्य भाषेत लिहिलं होतं. एकेक ओळ मी दोनदोनदा वाचत होते, आणि तरीही डोक्याच्या एका कोपऱ्यात ती तारीख थंडगार बसून होती, की वाच वाच, काही बिघडत नाही, मुदत गेलीय.

मी बाईंना दिलेला शब्द धरून बसले होते, पण कोर्टाने विचारलं असतं तर मी सांगणार होते. स्वतःवर आरोप झाला की वकिलाला गुपित उघड करायची तेवढी मुभा असते. मी उत्तर तयार ठेवलं होतं. आंघोळ करताना, भाजी निवडताना, रस्त्यात सिग्नलला थांबले असताना मी ते मनात म्हणून पाहायचे. समोरचा वकील उठेल, चष्मा सारखा करेल आणि विचारेल, "मग मुख्य साक्षीदाराला तुम्ही का बोलावलं नाही?" मी आधी न्यायाधीशांकडे बघेन. मग सावकाश, आवाज न चढवता, सगळं सांगेन. लाँड्रीवाला बसल्या जागी खाली बघेल. मी त्या प्रश्नाची अशी वाट बघत होते, की एरवी कुणी तो विचारला तर मी गप्प बसायचे. घरी मुलीने विचारलं होतं. ती तेव्हा नुकतीच कायद्याच्या पहिल्या वर्षाला गेली होती, सगळ्या गोष्टींना ओठ मुडपून बघायचं वय. जेवताना म्हणाली, "आई, पण खरंच, तू त्या बाईला का नाही बोलावलंस?" मी म्हणाले, "कोर्टात कळेल." तिने माझ्याकडे बघितलं, मग ताटाकडे. नवरा म्हणाला, "अगं, आईने काहीतरी विचार केला असेल ना." असेल ना. हे 'असेल ना' मला त्या दिवसापासून टोचतंय. मुलीने पुढे कंपन्यांचे करार बघण्याचं काम धरलं, माझ्या ऑफिसात आली नाही. तिचं कारण वेगळंच असेल. मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही, आमच्या घरात सगळे मोठे समजूतदार आहेत.

आणि तो प्रश्न कधी आलाच नाही. मास्तरने मुदतीचा मुद्दा आधी घेतला, न्यायाधीशांनी दोन्ही बाजूंचं तेवढ्यापुरतं ऐकलं आणि दावा फेटाळला. मला पिंजऱ्यात जावंच लागलं नाही. बाहेर आल्यावर मास्तरने माझा हात दाबला, कुणीतरी चहा मागवला, चार जणांनी अभिनंदन केलं. त्यातला एकजण म्हणाला, "बरं झालं बाई, आतल्या भानगडीत शिरायलाच लागलं नाही." मी कप तोंडाला लावलेला तसाच ठेवला. आतली भानगड. म्हणजे आत भानगड होती, असं सगळ्यांनी धरूनच चाललं होतं आणि मी मागच्या दाराने निसटले म्हणून ते माझ्या आनंदात सामील झाले होते. त्या दिवसापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. जिंकल्यावर माणसाला शांत झोप लागते म्हणतात. मी हरलेल्या माणसासारखी रात्री उठून निकालपत्र चाळत बसते, आणि कुणाला सांगायचीही सोय नाही, कारण लगेच म्हणतात, अहो पण तुम्ही जिंकलात ना.

पक्षकार गेला आणि मास्तरने आतूनच हाक मारली. मी हात टेकून उठले. त्याने मसुदा घेतला आणि माझ्यासमोरच शेवटचं पान उलटलं. मी बघत राहिले. मग त्याने तो पहिल्यापासून वाचला, एकही खूण न करता, आणि मिटून ठेवला. मास्तर खूण करत नाही तेव्हा समजायचं की सांगण्यासारखं काही उरलेलं नाही.

"हे तू सुंदर लिहिलंयस," तो म्हणाला.

"सुंदर राहू दे. टिकेल का सांग."

"तुलाच माहितेय की टिकणार नाही."

"मला काही माहीत नाही. मी पक्षकार आहे. मला समजावून सांग."

त्याने खुर्ची मागे सरकवली. "बरं. पहिली गोष्ट. आधीचा दावा तुझ्या बाजूनं संपला, कबूल. पण कशावर संपला? तू बरोबर होतीस म्हणून संपला का? तो उशिरा आला म्हणून संपला. त्यानं लावलेला आरोप खरा की खोटा, यावर कोर्ट एक अक्षर बोललं नाही. समोरचा हेच विचारणार पहिल्यांदा. आणि तिथंच तुझा दावा बाहेर."

"आणि दुसरी?"

"दुसरी, आकस. त्याला माहीत होतं आणि तरी त्यानं केलं, हे तुला दाखवायला लागेल. तू तर स्वतःच म्हणतेस की बाई येऊन गेल्याचं तू त्याला सांगितलं नाहीस. मग त्याच्या दृष्टीनं काय झालं? वकिलानं न सांगता साक्षीदार गाळला. त्याला खरंच तसं वाटलं असेल तर तो मूर्ख असेल, रागावलेला असेल. आकस कुठून आणणार?"

"त्याला माहीत असणार," मी म्हणाले.

"कशावरून?"

 इतकी वर्षं मी साक्षीदारांना हाच शब्द टाकून गप्प केलंय, आणि आज तो माझ्याच अंगावर आला. मला म्हणायचं होतं, की एका छताखाली राहणाऱ्या नवरा-बायकोत अशी गोष्ट लपून राहते होय, पण हा पुरावा नव्हे, ही माझी चडफड होती. मास्तर मऊ आवाजात म्हणाला, "आणि समज, माहीत होतं असं उद्या सिद्ध झालं. तरी पहिली गोष्ट आहेच. ती आता देव आला तरी बदलत नाही."

"तू मुदतीचा मुद्दा घेतला नसतास तर?" मी विचारलं.

तो म्हणाला, "तूच फोन केला होतास."

"मी पक्षकार होते. घाबरलेली. तू वकील होतास. तू म्हणायला हवं होतंस, की बाई, तुझी बाजू खरी आहे, तर मुदत सोड, खुशाल साक्ष दे."

"तू असं कधी तुझ्या पक्षकाराला म्हणाली आहेस?"

नाही म्हणाले कधी. कुणीच म्हणत नाही. हातात आलेली मुदत सोडणारा वकील मी पाहिलेला नाही, आणि सोडली असती तर तोच खरा निष्काळजीपणा ठरला असता, त्याच्यावर दावा लावता आला असता, आणि तो दावा टिकलाही असता. हे सगळं मला पाठ आहे. पाठ असूनही मास्तरच्या टेबलावरची काच उचलून आपटावी असं वाटत होतं, इतका तो बरोबर होता. त्याने चहा मागवू का विचारलं. मी नको म्हणाले. "सोडून दे आता," तो म्हणाला. "लोक विसरतात." मी त्याला लिफ्टमधलं सांगितलं नाही. फाइल उचलली आणि जिन्याने खाली उतरले, कारण लिफ्टमध्ये पुन्हा कोण भेटेल याचा नेम नव्हता.

रस्त्यावर आल्यावर ऑफिसला जायचं तर उजवीकडे वळायला हवं होतं, मी डावीकडे वळले. लाँड्रीवाल्यांचं नवं दुकान कुठे आहे ते मला माहीत होतं. त्यांच्या दाव्यावर पत्ता होता, आणि तो पत्ता माझ्या डोक्यातून जात नव्हता. एकदा टॅक्सीतून जाताना मी तो बोर्डही पाहिला होता आणि मान फिरवली होती. आता मी तिकडे चालत होते आणि का चालतेय ते मला नीटसं सांगता आलं नसतं. मास्तरने माझ्या दाव्यात दोन भोकं दाखवली होती. एक बुजणारं नव्हतं. दुसरं तरी बुजतं का पाहावं, असा काहीतरी अडाणी हट्ट होता. वकिली बाजूला ठेवून मला फक्त जाणून घ्यायचं होतं, की त्या माणसाला माहीत होतं का. त्याला खरोखरच वाटत असेल की मी त्याचं दुकान घालवलं, तर त्याच्याजागी मीही चिडले असते. हा विचार मला सर्वांत जास्त छळायचा, कारण मग रागवायलाही कुणी उरत नाही. रस्त्यात एका चपलांच्या दुकानात मी उगाच थांबले, किंमत विचारली, बाहेर आले. समोर लाँड्रीवाले स्वतःच उभे असतील तर काय बोलायचं याची मी जुळवाजुळव करत होते आणि प्रत्येक वाक्य कोर्टातल्यासारखं व्हायचं.

दुकान जुन्यापेक्षा निम्मंच. पुढे काउंटर, मागे पडदा, पडद्यामागून वाफेचा फुसकारा. वर दांड्यावर पॉलिथिनमधले कपडे लटकत होते, शर्ट, कोट, कुणाचा तरी पांढरा गाऊन. बाई काउंटरवर कपड्यांना चिठ्ठ्या टाचत होत्या. दातांत सेफ्टीपिन धरलेली होती. मला बघून त्यांनी ती आधी काढून हातात घेतली, मग म्हणाल्या, "मॅडम." जणू मी दर आठवड्याला येते.

"हे नाहीत का?" मी विचारलं.

"हॉटेलचे पडदे आणायला गेलेत. संध्याकाळ होईल." त्यांनी आतून एक स्टूल आणून बाहेर ठेवलं. मी बसले नाही. हातातली फाइल मी काउंटरवर ठेवली आणि लगेच उचलली, कारण तिच्यावर त्यांच्या नवऱ्याचं नाव होतं. मग वाटलं, आता काय लपवायचंय. पुन्हा ठेवली.

"बाई, मी एक विचारायला आलेय. तुम्ही त्या दिवशी माझ्याकडे येऊन गेलात, ते तुम्ही यांना कधी सांगितलंत का?"

त्यांनी हातातला शर्ट आधी घडी घालून बाजूला ठेवला. "त्याच रात्री सांगितलं," त्या म्हणाल्या. "यांना सांगू नका असं तुम्हाला म्हणाले खरं, पण घरी गेल्यावर माझ्याच्यानं राहवलं नाही. मी सांगितलं, की मी वकीलबाईंना सगळं बोलून आले. मला उभं करणार नाहीत."

"ते काय म्हणाले?"

"काय म्हणणार. खूप बोलले. दोन दिवस जेवले नाहीत घरी. मग गप्प झाले."

दुसऱ्या दिवशी कोर्टात मी सांगितल्यावर ते "तुम्ही म्हणाल तसं" म्हणाले होते, तो चेहरा मी आठवायला लागले. सगळं ठाऊक असलेला चेहरा होता तो. त्यानंतर एवढ्या काळाने त्यांनी शपथेवर लिहून दिलं होतं, की मला वकिलांनी कारण सांगितलं नाही, मला आजतागायत कारण माहीत नाही. मला धक्का बसायला हवा होता, पण पहिल्यांदा वाटला तो हुरूप, जुनाच, धंद्यातला, जसा साक्षीदार उलटतपासणीत फुटला की वाटतो. मिळालं, असं वाटलं. आकस मिळाला. खोटेपणा मिळाला. आणि मग तो हुरूप नुसता छातीत अडकून बसला, कारण मास्तरची पहिली गोष्ट तशीच होती आणि त्याला जायला कुठे जागाच नव्हती. मी स्टुलावर बसले.

बाई म्हणाल्या, "पाणी देऊ?"

"नको." मग मी म्हणाले, "त्यांना माहीत होतं, तर त्यांनी माझ्यावर केस का केली?"

"दुकान गेलं ना. कुणामुळं तरी जायला पाहिजे होतं." त्यांनी पिन उचलली, पुन्हा खाली ठेवली. "घड्याळवाल्याला मीच ठेवलं असं तर यांना म्हणता येत नव्हतं. मग म्हणायला लागले, माझी बायको उभी राहिली असती तर दुकान वाचलं असतं, वकिलानं तिला उभंच केलं नाही. आधी घरात म्हणायचे. मग शेजारी. मग गिऱ्हाइकांना. शंभरदा म्हटल्यावर त्यांनाही खरं वाटत असेल, मला काय माहीत. पण गिऱ्हाइकं मला विचारायची. अहो, तुम्ही का नाही गेलात कोर्टात? नणंद विचारायची. नवऱ्याचं दुकान जात होतं अन् तू इस्त्री करत बसलीस, म्हणायची. मी काय सांगणार?"

 आजवर मी त्यांचा विचार केला तो माझ्या बचावाचा एक भाग म्हणून, माझ्या उत्तरातलं एक नाव म्हणून. त्यांनाही लोक तोच प्रश्न विचारत होते, आणि त्याही उत्तर गिळून बसल्या होत्या, हे माझ्या ध्यानीमनीही आलं नव्हतं.

"मग यांनी तुमच्यावर केस केली," त्या सांगत होत्या, आवाज न चढवता, चिठ्ठ्यांचा गठ्ठा सारखा करत, "तेव्हा मला वाईट वाटलं. पण थोडं बरंही वाटलं. म्हटलं, आता मला बोलावतील. तुम्ही तरी बोलवालच. त्या वेळी मी नको म्हणाले होते, पण या वेळी नाही म्हणणार नव्हते. यांनाही तसं सांगून ठेवलं होतं, की मला विचारलं तर मी खरं तेच बोलणार, मग घराबाहेर काढा. कोर्टात घालायचे कपडेसुद्धा बाजूला काढून ठेवले होते. रोज वाटायचं, आज कोर्टाचा माणूस येईल कागद घेऊन. मग एक दिवस हे घरी आले अन् म्हणाले, संपली केस. मी म्हटलं, संपली कशी? मला तर कुणी बोलावलंच नाही."

रस्त्यावरून एक ट्रक गेला आणि वरचे सगळे हँगर हलकेच एकमेकांवर आपटले. त्यांच्या नवऱ्याने माझ्यावर जो आरोप केला होता, मुख्य साक्षीदाराला बोलावलं नाही, तो त्याच्या केसपुरता धादांत खोटा होता. माझ्या केसमध्ये तो तंतोतंत खरा होता. माझी एकुलती एक साक्षीदार चांगले कपडे बाजूला काढून ठेवून माझ्या बोलावण्याची वाट बघत बसली होती, आणि मी तिकडे शेवटचं पान उलटून खुशीत मास्तरला फोन लावत होते. आणि हा निष्काळजीपणा मी कुणावर लादू, कुणावर दावा लावू.  मला रडू येतंय असं वाटलं, पण तो संताप होता, आणि तो समोर असलेल्या कुणावरच नव्हता.

बाई माझ्या फाइलकडे बघत होत्या. वरचं नाव त्यांनी वाचलं असावं. "ही केस त्यांच्यावर आहे का?" त्यांनी विचारलं.

"हो. लावायची म्हणत होते."

"लावा," त्या म्हणाल्या. "मी येते या वेळी. त्यांना काय वाटायचं ते वाटू दे. मला एकदा कुणीतरी विचारायला पाहिजे, सगळ्यांच्या समोर. म्हणजे मी सांगेन."

"बाई," मी म्हणाले आणि थांबले.

"फक्त सोमवार नको. सोमवारी हॉटेलच्या चादरी असतात. एरवी कधीही सांगा. कुठे यायचं?"

इतकी वर्षं मी लोकांना हेच तर सांगत आलेय. कुठली इमारत, कितवा मजला, कुठल्या खोलीबाहेर थांबायचं, नाव पुकारलं की कसं पुढे व्हायचं, हात कुठे ठेवायचे. झोपेत उठवून विचारलं तरी मी सांगेन. मी तोंड उघडलं, आणि माझ्याजवळ त्यांना सांगायला एकही खोली नव्हती. बाईंनी कपड्यांना टाचायची एक कोरी चिठ्ठी पुढे ओढली, कानामागची पेन्सिल काढली, आणि पत्ता लिहून घ्यायला माझ्याकडे बघत थांबल्या.